पळस्पे ते खोपोली : एका रस्त्याचे हेल

पनवेल-खोपोली गाडीत माणूस चढला आणि त्यानं तोंड उघडलं, की तिकीट कुठलं फाडायचं ते बऱ्याचदा त्यानं गावाचं नाव घेण्याआधीच मला कळायचं. ‘ओ मास्तर, दोन द्या’ एवढं ऐकलं तरी पुरे होई. एसटीच्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. या चार शब्दांतला एकही शब्द कुठल्या एका गावाचा नाही. पण ‘मास्तर’मधला ‘मा’ कोण किती ताणतो, ‘द्या’ला आवाज वर नेतो की खाली सोडतो, यावरून माणूस समुद्राकडचा की डोंगराकडचा ते उमगतं. बोलण्याच्या या चालीला आपल्याकडे हेल म्हणतात. शब्दांच्या याद्या खूप झाल्या, म्हणींची पुस्तकंही झाली. हेलाकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिलं, आणि म्हातारी माणसं गेली की सगळ्यांत आधी हरवतो तो हेलच.

मी लोधिवलीचा. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचं गाव. वाढलो या रस्त्यावर आणि नोकरीही याच रस्त्यावर केली. पनवेल सोडलं की पळस्पे, कोन, शेडुंग, अजिवली, दांड फाटा, लोधिवली, चौक, खालापूर आणि मग घाटाच्या पायथ्याची खोपोली. सगळं मिळून चाळीसएक किलोमीटर. एवढ्या अंतरात मराठी निदान चार वेळा बदलते, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी दारात उभं राहून लोक ऐकावे लागतात.

पनवेलच्या स्टँडवर आगरी बोली सर्वांत मोठ्यानं ऐकू येते. डोळा म्हणजे ‘डोला’, केळी म्हणजे ‘केली’, पाणी म्हणजे ‘पानी’. दोन स्वरांच्या मध्ये ‘ड’ आला की त्याचा ‘र’ होतो, म्हणून गाडी ‘गारी’, घोडा ‘घोरा’, कोंबडी ‘कोंबरी’. ‘केवढ्याला’ विचारायचं तर ‘कवऱ्याला’. ‘मला’च्या जागी ‘मना’. हे बिघडलेलं मराठी नव्हे. ळ, ण आणि ड म्हणताना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं. आगरी बोलीनं ही वळलेली जीभ सरळ केली, आणि तीही वाटेल तिथं नाही, ठरावीक जागीच. शब्दाच्या सुरुवातीचा ड तसाच राहतो. डोळ्याचा ‘डोला’ होतो, ‘रोला’ कधीच होत नाही. ज्याला नियम आहे आणि तो नियम चार वर्षांचं पोर न शिकवता पाळतं, त्याला अशुद्ध म्हणणं मला पटत नाही.

माझी आई उरणकडची, आगरी. वडील लोधिवलीचे कुणबी. वडिलांच्या घरी ‘पानी’च म्हणत, पण डोळ्यातला ळ शाबूत होता आणि गाडी गाडीच होती. आई लग्नानंतर सगळं आयुष्य लोधिवलीत राहिली, तरी रागावली की तिच्या तोंडून ‘गारी’ आणि ‘घोरा’ यायचे. शांत असताना ती सासरचं बोलायची. आम्ही भावंडं दोन्ही ऐकत मोठी झालो. शब्द कुठून आला ते कान उघडे ठेवले तर कळतं, ही माझी पहिली शाळा.

दांड फाट्याला रसायनीच्या कारखान्यांतली माणसं चढत. १९६० साली तिथं हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी निघाली, पुढे पाताळगंगेच्या काठानं बरेच कारखाने उभे राहिले, आणि आमच्या पंचक्रोशीच्या तोंडात इंग्रजी शब्द शिरले. ते आले तसे राहिले नाहीत. ‘डूटी’, ‘हापिस’, ‘कँटिंग’, ‘शिप’, ‘टायम’, ‘डाक्टर’. फर्स्ट शिफ्टला लोक ‘फस पाळी’ म्हणत. इंग्रजी शिकलेली मुलं याला हसतात. पण प्रत्येक गाव बाहेरचा शब्द आपल्या जिभेला सोयीचा करून घेतं, आणि इंग्रजांच्या देशातही तेच चालतं. यॉर्कशायरच्या खेड्यातलं इंग्रजी लंडनच्या माणसाला चटकन कळत नाही, आणि तिथल्याही मुलांना शाळेत ‘नीट बोल’ म्हणून दटावलं गेलं आहे.

त्याच यॉर्कशायरमध्ये १८५५ साली जोसेफ राइट जन्मला. सहा वर्षांचा असताना तो दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकत होता, मग कापडगिरणीत लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे तो जर्मनीत डॉक्टरेट मिळवून ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला, आणि त्यानं इंग्रजीच्या सगळ्या बोलींचा सहा खंडांचा कोश केला. पहिले भाग १८९६ मध्ये निघाले आणि १९०५ मध्ये काम पुरं झालं. ज्या बोलीत तो गाढवं हाकत होता, ती त्याला लाज वाटण्याजोगी वाटली नाही. त्यानं तिचं व्याकरण लिहिलं.

त्याच १९०५ साली आपल्याकडे ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड आला, मराठीचा. तो तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं. त्यात कोकणातल्या आगरी, कुणबी, कोळी, ठाकरी, कातकरी अशा बोलींचे नमुने आहेत. त्या काळी आमचा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. कुलाब्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. सर्वेक्षणाची पद्धत अशी होती की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट घ्यायची, सरकारी अधिकाऱ्यांमार्फत ती जिथल्या तिथल्या बोलीत सांगून घ्यायची आणि लिहून पाठवायची. मी ते नमुने वाचले आहेत. शब्द बरेचसे ओळखीचे वाटतात, पण माणूस ऐकू येत नाही. आणि गोष्टही आमची नव्हे. उधळ्या मुलाच्या गोष्टीत भाताची लावणी कुठून येणार? पुढे त्या सर्वेक्षणासाठी काही भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही केल्या गेल्या, म्हणजे कागदावर आवाज उतरत नाही हे त्यांनाही जाणवलं असणार.

चौकाच्या थांब्यावर जूनच्या सुरुवातीला ठाकरांच्या बाया पाट्या घेऊन उभ्या असत. पाटीत शेवळं, सोबत काकडं. पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारे शेवळाचे कोंब ज्यानं नुसते शिजवून खाल्ले, त्याचा घसा खाजतो. म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. पनवेलच्या बाजारात नव्या गिऱ्हाइकाला हे सांगताना त्या बाया ठाकरीतून बाजारी मराठीत येत, आणि गाडीत परत बसल्या की आपल्या बोलीत. रानभाज्यांची नावं मात्र दोन्हीकडे तीच: भारंगी, टाकळा, कुरडू, कंटोली. या नावांना पुस्तकी प्रतिशब्द आले तरी बाजार त्यांना विचारत नाही.

ठाकरांवर लक्ष्मण नारायण चापेकरांनी १९६० साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्यात क-ठाकर आणि म-ठाकर असे दोन गट आहेत. बाहेरच्याला दोघे एकच वाटतात, त्यांना स्वतःला तसं मुळीच वाटत नाही. कातकऱ्यांची बोली याहून वेगळी. गाडीच्या मागच्या बाकावर कातकरी कुटुंब आपसात बोलू लागलं, तर मला वाक्याचा रोख कळे, वाक्य कळत नसे. हे लोक पूर्वी खैराच्या झाडापासून कात पाडत, त्यावरून त्यांचं नाव. आता दिवाळीनंतर त्यांतले कितीतरी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पोरं सहा-सहा महिने भट्टीवर. तिथं निम्मी हिंदी, निम्मी मराठी, आणि मुकादमाची भाषा वेगळीच. शाळेत परत आली की प्रमाण मराठी. अशा पोरानं घरची बोली कोणत्या महिन्यात शिकायची?

खोपोलीत पुन्हा पालट होतो. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, आणि मावळातली माणसं खाली येऊ लागली. खोपोलीच्या स्टँडवर ‘लई’, ‘हितं’, ‘कुठं चाल्लाईस’ ऐकू आलं की समजायचं, ही मंडळी वरची. आम्ही त्यांना घाटी म्हणतो, ते आम्हाला कोकणे म्हणतात. दोन्हीकडे त्यात थोडी चिडवणूक असते. पण घाटानं वेगळी केलेली खरी गोष्ट मला पावसाच्या म्हणींत दिसते, आणि तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

आमच्याकडे पावसाळा महिन्यांनी मोजत नाहीत, नक्षत्रांनी मोजतात. मृगाचा पाऊस म्हणजे मिरग. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा. आश्लेषाला आसळका. मघांचा पाऊस सासूचा, पूर्वांचा सुनेचा. हस्ताला हत्ती. लोधिवलीत ही नावं अजून म्हणतात, निदान साठीच्या पुढची माणसं म्हणतात. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्यामुळे ‘सप्टेंबरात पाऊस हवा’ असं ढोबळ न म्हणता, सप्टेंबरच्या कोणत्या पंधरवड्यात हवा ते सांगता येतं.

‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.’ उत्तरा नक्षत्र साधारण १३ सप्टेंबरला लागतं. तेव्हा आमच्या खाचरांत भात पोटरीत असतं किंवा लोंबी बाहेर पडत असते. या दिवसांत खाचर कोरडं पडलं तर दाणा भरत नाही, पळंज राहतो. पाणी मिळालं तर एवढं पिकतं की कुत्रंसुद्धा भाताला तोंड लावत नाही. म्हणीचा जोडभाग मात्र कमी लोकांना ठाऊक असतो: न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा. उत्तरा नक्षत्राच्या आगेमागे पितृपक्ष येतो. पूर्वजांना ठेवायच्या पानावरचा भात आणि शेतातली लोंबी एका वाक्यात बांधली आहेत.

आता पुढचं ऐका. हीच म्हण चित्रांबद्दलही म्हणतात: पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. शब्द तेच. पण चित्रा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागतात, आणि तोवर आमचं हळवं भात पिकून उभं असतं किंवा कापून शेतात पडलेलं असतं. त्यावर पाऊस पडला तर दाण्याला कोंब फुटतो, पेंढा कुजतो, भाताला वास येतो. आमच्या घरी या म्हणीचा अर्थ असा लावत की भात इतकं नासतं की कुत्राही खात नाही. एक महिना पुढे सरकला आणि त्याच वाक्याचा अर्थ उलटा झाला. माझी आजी दोन्ही वेळा ती म्हण म्हणायची. उत्तरांना हसत म्हणायची आणि चित्रांना कपाळाला हात लावून. ही म्हण कुणी पुस्तकात छापली तर दोन ओळी दिसतील. कुठली आनंदाची आणि कुठली धसक्याची हे कळायला आजीचा हेल हवा.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हणही आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण ती घाटावरची, रब्बीची. स्वाती ऑक्टोबरअखेर लागतात. वर ज्वारी-हरभऱ्याला तो पाऊस मोत्यासारखा. खाली आमच्या गरव्या भाताचे भारे तेव्हा शेतात किंवा खळ्यावर असतात, उडवी अजून झाकायची असते. हळवं, निमगरवं, गरवं ही भाताची तीन वयं ज्याला माहीत, त्याला कुठली म्हण आपली आणि कुठली पाहुणी ते लगेच ओळखता येतं. पाठ्यपुस्तकं आणि दिनदर्शिका सगळ्या म्हणी एका रांगेत छापतात, आणि खालापुरातलं पोर परीक्षेत लिहितं की स्वातीचा पाऊस चांगला. संध्याकाळी त्याचा बाप त्याच पावसाला शिव्या देत ताडपत्री ओढत असतो.

मघांची म्हण तर छापतच नाहीत, छापली तर शेवटचा शब्द बदलतात. मूळ अशी: पडतील मघा तर चुलीपुढे हगा. मघा ऑगस्टच्या मध्यावर लागतात. पाऊस असा कोसळतो की परसाकडेला जाणंही होत नाही, एवढाच तिचा अर्थ. घरात शौचालय नव्हतं, पावसाची झड आठ-आठ दिवस उघडत नव्हती आणि म्हाताऱ्या-पोरांचे हाल होत, तेव्हाची ही म्हण आहे. बायकांनी एकमेकींत म्हणावी अशी. ती सभ्य करून घेतली की तिच्यातलं ओलं, अंधारं घर निघून जातं. मला अशा म्हणी जशाच्या तशा हव्यात.

काही शब्दांवर तर जमीन अवलंबून असते. ‘दळी’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवा असेल. रायगडात डोंगरउतारावरची, वनखात्यानं आदिवासींना कसायला दिलेली जागा म्हणजे दळी. तिच्यावर नाचणी, वरी होते. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर या दळ्यांचे दावे झाले. आजोबा कुठली दळी कसत, तिची हद्द कुठल्या झाडाला, कुठल्या ओहळाला लागते, हे सांगणारे म्हातारे आणि त्यांचे शब्द तेव्हा पुरावा ठरले. बोली जपणं ही हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

चौकातून मान वर केली की इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, तरणा सरून म्हातारा लागायच्या सुमारास, डोंगर वाडीवर आला. २७ जणांचे देह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्यांतल्या काहींची नावं मला ठाऊक नव्हती, पण आवाज ठाऊक होते. चौकाच्या थांब्यावर जूनमध्ये पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्यांत त्या वाडीच्या बायाही असत. वाचलेल्यांची वस्ती पुढे खाली, सपाटीला झाली. ते योग्यच झालं. पण डोंगराच्या अंगावरच्या प्रत्येक कपारीला, पाणवठ्याला, टेपाडाला त्या वाडीत जी नावं होती, ती खाली कुणाच्या कामाची? त्या नावांची यादी कुणी केली होती की नाही, हे विचारायलाही आता बराच उशीर झाला आहे.

आपल्याकडे काम झालेलंच नाही, असं नाही. अमृत माधव घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठीच्या बोलींच्या पाहणीची पुस्तकमाला काढली. महाडची कुणबी आणि ठाण्याची वारली तिच्यात आहेत. २०१३ च्या सुमारास गणेश देवींच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित केली. आगरी बोलीला तर आपली साहित्य संमेलनं आहेत, हळदीची गाणी आहेत, आणि लग्नाच्या मांडवात ती गाणी मोठ्या आवाजात वाजतात. त्यामुळे पनवेल-उरणचं पोर ‘डोला’ म्हणायला बिचकत नाही. आमच्या आतल्या भागातल्या कुणबी, ठाकरी, कातकरी बोलण्याला तसा बाजार मिळाला नाही. मी गाडीत ऐकलं आहे: खिडकीतलं पोर म्हणतं, ‘आय, पानी दे.’ आई बाटली हातात देण्याआधी सांगते, ‘पाणी म्हण.’ तिचं चुकत नाही, तिला पोराची काळजी आहे. शाळेत, नोकरीत त्याला कुणी हसू नये एवढीच तिची इच्छा. बदलायला हवं ते हसणाऱ्यांनी.

इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टननं १९५० ते १९६१ या काळात ३१३ गावांत बोलींची पाहणी केली. प्रश्न तेराशेच्या वर. त्यातली एक युक्ती आपण उचलावी अशी आहे: ‘तुम्ही याला अमुक म्हणता का’ असा शब्द समोर ठेवून प्रश्न करायचा नाही. वस्तू दाखवायची, कामाचं वर्णन करायचं आणि समोरच्याच्या तोंडून शब्द येऊ द्यायचा. मीही लोकांचं बोलणं फोनवर मुद्रित करताना तसंच करतो. ‘राब कसा भाजायचा?’ एवढं विचारलं की म्हातारं माणूस कवळ तोडण्यापासून सुरू होतं आणि आवण, चिखलणी, लावणी, बेणणी सगळं आपल्या हेलात सांगून जातं. फोन मांडीवर उपडा ठेवला की ते विसरतंही.

पण ऑर्टनची दुसरी गोष्ट आपल्याला चालणार नाही. त्यानं जास्त करून म्हातारे पुरुष निवडले, गावातच जन्मलेले आणि गाव न सोडलेले. त्याला गावाची निर्भेळ बोली हवी होती. आमच्या गावांत अशी निर्भेळ बोली शोधायला गेलं तर निम्मं गाव वगळावं लागेल, कारण प्रत्येक घरातली सून दुसऱ्या गावाहून आली आहे. लोधिवलीच्या एका आळीत मला उरण, कर्जत, सुधागड आणि घाटावरच्या मावळातले हेल ऐकायला मिळतात, आणि पोरं ते आईच्या मांडीवरून उचलतात. म्हणून कुणाचंही बोलणं मुद्रित करताना मी नाव, वय आणि गाव याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लिहून घेतो: आईचं माहेर कुठलं आणि आजीचं कुठलं. तरुण मुलांनी हे काम हातात घेतलं तर त्यांनीही हे दोन रकाने सोडू नयेत. उत्तरा लागल्या की शेतावर निवांत वेळ असतो, लोंबी भरायची वाट पाहत माणसं बांधावर बसलेली असतात, आणि बोलायला तयार असतात.